ट्रान्सफॉर्मर रात्रीच का घुमतो? आधी टर्न्स मोजा, वार्निश नंतर

यावेळी ट्रान्सफॉर्मरच्या आवाजावरचेच प्रश्न जास्त आलेत, त्यामुळे टीव्ही-मोबाईलवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा. आचऱ्याचा प्रश्न मोठा आहे आणि त्यात सगळ्यांच्या कामाचं बरंच काही आहे म्हणून तो नीट घेतो, बाकीचे पटापट.

प्रश्न: काकानू, नमस्कार. आमच्या भजन मंडळासाठी मी घरीच ॲम्प्लिफायर केलाय, दोन चॅनल, १००-१०० वॉट. ट्रान्सफॉर्मर पण स्वतःच वाइंड केला. कोअर भंगारातल्या जुन्या यूपीएसचा, टंग म्हणजे मधली पट्टी ३८ मिलीमीटर रुंद, पत्र्यांची थप्पी ५० मिलीमीटर. मित्राच्या वहीत "३० भागिले एरिया" असा फॉर्म्युला होता त्याप्रमाणे प्रायमरी (लाईनकडची) ३८० टर्न्स म्हणजे वेढे, २२ गेज तार, सेकंडरी (ॲम्पकडची) २४-०-२४ व्होल्ट. साउंड एक नंबर आहे पण ट्रान्सफॉर्मर घूंऽऽ करत राहतो. संध्याकाळी चालून जातं, रात्री अकरानंतर मात्र एवढा घुमतो की बुवा आलाप घ्यायला लागले की पुढे बसलेल्यांना तोच ऐकू येतो. वरून वार्निश ओतून बघितलं, काडीचा फरक नाही. पत्रे पाच-पाचच्या गठ्ठ्याने घातलेत, शेवटचे दोन मावेनात म्हणून तसेच ठेवून दिले. फणसाच्या फळीच्या पेटीत स्क्रूने बसवलाय. ह्यो आवाज बंद कसो करूचो?
— एक वाचक, आचरा, ता. मालवण

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे "संध्याकाळी चालून जातं, रात्री घुमतो". नुसते पत्रे सैल असते तर ते दिवसभर सारखेच वाजले असते. रात्री काय बदलतं तर लाईनचं व्होल्टेज. दुकानं बंद, पंप बंद, घराघरातले टीव्ही-फॅन कमी, लोड उतरला की लाईनच्या टोकाला असलेल्या वाड्यांमध्ये व्होल्टेज वर जातं. संध्याकाळी २१० दाखवणारा मीटर रात्री २५० च्या वर दाखवतो हे आपल्याकडे कोणालाही नवीन नाही. तुम्ही ट्रान्सफॉर्मर २३० धरून बांधलाय आणि तोही अगदी काठावर, म्हणून २५० ला त्याचा श्वास कोंडतो.

आता हिशोब बघा. टंग ३.८ गुणिले थप्पी ५ म्हणजे १९ चौरस सेंटीमीटर, त्यात पत्र्यांमधली जागा आणि पत्र्यांवरचं कोटिंग जाऊन खरं लोखंड धरा १८. ५० सायकलला एक टेस्लावर (टेस्ला म्हणजे लोखंडातल्या चुंबकत्वाचं माप) चालवायचं असेल तर टर्न्स पर व्होल्ट म्हणजे ४५ भागिले एरिया, इथे अडीच. तुम्ही घातलेत ३८० भागिले २३०, म्हणजे १.६५. म्हणजे कोअर २३० ला दीड टेस्लावर पळतोय आणि रात्री २५५ झाले की १.६७ वर. मित्राच्या वहीतला ३० चा फॉर्म्युला चुकीचा नाही, तो चांगल्या सीआरजीओ (दाणे एकाच दिशेला असलेल्या) पत्र्यासाठी आणि स्थिर व्होल्टेजसाठी आहे. तुमचा भंगारातला पत्रा बहुतेक साधा सीआरएनओ (दाण्यांना दिशा नसलेला) असणार, त्याची तयारी दीडच्या आसपासच संपते. आणि सीआरजीओ असला तरी ई-आय (इंग्रजी E आणि I) आकारात कापल्यावर त्याचा अर्धा फायदा गेलाच, कारण फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) वळणावर आणि वरच्या-खालच्या पट्टीत आडव्या दाण्यातून जातो.

पत्रा भरला, म्हणजे सॅच्युरेट झाला, की प्रायमरी करंट सायन लाटेसारखा गुळगुळीत राहत नाही, प्रत्येक अर्ध्या सायकलच्या टोकाला सुळका येतो. ह्या सुळक्यांनीच आवाज कर्कश होतो. एरवी चांगल्या ट्रान्सफॉर्मरलाही थोडा आवाज असतोच, कारण लोखंडात चुंबकत्व चढलं-उतरलं की पत्रा अगदी केसाच्याही अंशाने लांब-आखूड होतो, प्लस अर्ध्यातही आणि मायनस अर्ध्यातही, म्हणून ५० सायकलच्या लाईनवर आवाज १०० हर्ट्झचा. तुमच्या मंडळातल्या पेटीवाल्याला बसवून बघा, खर्जातल्या पांढरी पाचच्या जरासा वर लागेल, कारण पांढरी पाच तिथे ९८ ला आहे. बुवा चिडतात ते उगाच नाही, कुठल्याच पट्टीत न बसणारा सूर कोणीतरी सतत धरून ठेवलाय.

आधी खात्री करून घ्या. स्पीकरच्या वायरी काढा, सेकंडरीपण ॲम्पपासून सोडवा, नुसता ट्रान्सफॉर्मर चालू ठेवा. तरी घुमला तर दोष लोखंडात नाहीतर वाइंडिंगमध्ये, ॲम्पमध्ये नाही. मग प्रायमरीला १०० वॉटचा जुना फिलामेंटवाला बल्ब सिरीजमध्ये लावा (एलईडी इथे उपयोगाचा नाही, शोधून ठेवा एखादा तारेचा, आता दुकानात मिळणं कठीण झालंय). सेकंडरी उघडी असताना बल्ब नुसता लालसर किंवा काळाच राहिला पाहिजे. भगभगीत पेटला तर आत कुठेतरी टर्न शॉर्ट आहे, मग पुढचं काही वाचू नका, सरळ सोडवून परत वाइंड करा. बल्ब शांत असेल तर पुढची टेस्ट. प्रायमरीच्या वायरीत १० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला, त्याच्या दोन टोकांवर एसी व्होल्ट मोजा. १ व्होल्ट म्हणजे १०० मिलिअँपिअर. संध्याकाळी सातला बघा, रात्री बारा-साडेबाराला परत बघा, आणि दोन्ही वेळी लाईनचं व्होल्टेजपण लिहून ठेवा. व्होल्टेज दहा टक्के वाढलं आणि करंट दुप्पट-तिप्पट झाला तर समजा पत्रा भरतोय. मीटरच्या पिना लाईन बंद करून लावायच्या, मग लाईन चालू, मग वाचायचं, रेझिस्टर हातात धरून नाही. कुणाकडे डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर हेच काम पाच मिनिटांत होतं, शून्यापासून २६० पर्यंत हळूहळू चढवा, कुठे करंट एकदम उडी मारतो ते दिसेलच आणि त्याच जागी आवाजही बदलेल.

ज्यांना टर्न्स किती आहेत तेच माहीत नाही, म्हणजे तयार ट्रान्सफॉर्मर भंगारातून आणलाय, त्यांनी एक करायचं. वाइंडिंग आणि पत्र्याच्या मधल्या फटीतून बारीक इन्सुलेटेड वायरचे दहा वेढे घालायचे, प्रायमरीला लाईन द्यायची, वेढ्यांवर किती व्होल्ट येतात ते मोजायचं. आचऱ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर ६ व्होल्ट यायला हवेत. दहा भागिले सहा, झाले टर्न्स पर व्होल्ट. एवढं सोपं असून वाइंडिंगवाल्यांतले बरेच जण अंदाजावर चालतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

आता उपाय. खरा उपाय परत वाइंड करणं. आपल्याकडच्या रात्रीच्या व्होल्टेजला १.२ टेस्लाच्या वर जाऊच नका, म्हणजे फॉर्म्युल्यात ३० च्या जागी ३७ ते ३८ घ्या. तुमच्या कोअरला प्रायमरी ४८०, गेज एक नंबर बारीक म्हणजे २३, सेकंडरी ड्रॉप धरून ५२-०-५२ टर्न्स (व्होल्ट नव्हे). रात्री २५५ झाले तरी १.३३ टेस्ला, ऐकू येणार नाही. तांबं थोडं जास्त लागेल, खिडकी (कोअरमधली तारेची जागा) अगदी गच्च भरलेली असेल तर बसायला त्रास देईल, पण भजनाचा ॲम्प काही चोवीस तास फुल लोडवर नसतो म्हणून २३ गेज चालतो.

एवढं करायचं नसेल तर अर्धा उपाय आहे, आणि तो मला आवडतो. बॉबिनमध्ये (तार गुंडाळायच्या साच्यात) वर दीड-दोन मिलीमीटर जागा असेल तर सेकंडरीच्या वर चांगली लेदरॉइडची किंवा मायलरची तीन-चार पदरं गुंडाळा (ही जागा आता लाईनची होणार, इथे चिकटपट्टीवर भागवू नका), त्यावर २२ गेजचे ६० टर्न्स एका थरात घाला आणि ते प्रायमरीला सिरीजमध्ये जोडा. आता प्रायमरी ४४०, कोअर २३० ला १.३ वर उतरला. सेकंडरी मात्र २४ ची २१ च्या आत येईल, १०० वॉटचे ७०-७५ मिळतील, देवळाच्या सभामंडपाला तेवढे पुरतात. एकच काळजी, हे ६० टर्न्स उलट्या दिशेने जोडले गेले तर वाढायच्या ऐवजी वजा होतात, प्रायमरी ३२० ची होते आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्यापेक्षा जोरात ओरडतो. म्हणून जोडल्यावर पहिल्यांदा लाईन द्यायची ती सिरीज बल्बमधूनच. बल्ब पेटला तर दोन टोकं उलटी करा.

यासाठी पत्रे काढावे लागतीलच, तर ते परत घालताना नीट घाला. पाच-पाचचा गठ्ठा हे आळसाचं काम आहे. ई एक इकडून, एक तिकडून, त्याच्या समोर आय, असं एकेक. फार तर दोन-दोन. गठ्ठा जितका मोठा तितकी सांध्यातली फट मोठी, फट मोठी की करंट जास्त, आणि त्या फटीत पत्र्याची टोकं एकमेकांना ओढून सोडतात त्याचा वेगळा फर्रर्र आवाज. कापताना पत्र्याच्या एका बाजूला बारीक धार राहते, ती सगळ्यांची एकाच बाजूला ठेवा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत भंगारातल्या पत्र्यांवर गंज धरलेला असतो, बारीक असला तर कोरड्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपरने घासायला जाऊ नका, वरचं कोटिंग जाईल. गंजाने फुगलेला पत्रा सरळ टाकून द्या.

आणि ते उरलेले दोन पत्रे! ते ठेवून दिलेत म्हणून थप्पी ढिली राहिली. शेवटचे पत्रे सगळ्यांचे अडतातच, पण म्हणून ते सोडायचे नसतात. ते कडेला बॉबिनला लागून घालू नका, बॉबिन कापून तारेला लागेल. थप्पीच्या मधोमध दोन पत्र्यांच्या बेचक्यात टोक शिरवा आणि लाकडी हातोडीने, नाहीतर सागाचा तुकडा मधे धरून, हळूहळू ठोका. दोन मारा, बाजूने बघा, परत दोन मारा. पत्रा वाकायला लागला तर थांबा, काढा, दुसऱ्या जागी प्रयत्न करा. अगदीच जात नसेल तर बॉबिन आणि थप्पीच्या मधे फायबरच्या पट्टीची पाचर. बोल्टना कागदी नाहीतर फायबरची स्लीव्ह आणि फायबर वॉशर पाहिजेच, नाहीतर बोल्ट आणि क्लॅम्प मिळून शॉर्टेड टर्न होतो आणि बोल्टच तापतो. चारी बोल्ट सारखे आवळा. एक पिळून काढायचा आणि तीन ढिले, याने थप्पी तिरकी बसते.

वार्निश आता. लोकांना वाटतं वार्निश म्हणजे रामबाण. जो पत्रा व्होल्टेजने भरलाय त्याला वार्निशच्या डबक्यात महिनाभर ठेवलं तरी तो घुमणार. वार्निश पत्र्या-पत्र्यातली आणि तार-तारेतली हालचाल थांबवतं, बस. पण तेवढं काम नीट केलं तर छान करतं, आणि "वरून ओतलं" म्हणजे नीट केलं असं नाही, वरचा पापुद्रा सुकला आणि आत कोरडंच. आधी ट्रान्सफॉर्मर गरम करायचा, हवेतला ओलावा तारेत-कागदात शिरलेला असतो तो गेला पाहिजे. पत्र्याच्या मोठ्या डब्यात १०० वॉटचे एक-दोन बल्ब लावून रात्रभर ठेवा. गरम असतानाच इन्सुलेटिंग वार्निशमध्ये पूर्ण बुडवा. बुडबुडे यायला लागतील, आधी भराभर, मग एकेक, ते पूर्ण थांबेपर्यंत काढायचा नाही. मग टांगून निथळू द्या आणि परत सुकवा. डब्यावर एअर ड्राइंग लिहिलंय की बेकिंग ते वाचून घ्या, बेकिंगवालं नुसतं हवेत ठेवलं तर आत महिनोन्महिने चिकटच राहतं. फर्निचरचं वार्निश चालत नाही, उष्णतेने मऊ पडतं. मेण तर नकोच. आणि निथळता ट्रान्सफॉर्मर त्याच बल्बच्या डब्यात नाहीतर चुलीजवळ ठेवायचा नाही, वाफ पेट घेते. आधी उघड्यावर वास जाऊ द्या.

हे काम जून ते सप्टेंबर करू नका. तेव्हा हवाच इतकी ओली की तुम्ही आत ओलावा कोंडून वर झाकण लावल्यासारखं होतं. गणपतीच्या भजनांना पाहिजे असेल तर मे महिन्यात उरकून घ्या. झाल्यावर कुणाकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) असेल तर प्रायमरी आणि कोअरमध्ये, प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये मोजून घ्या. आकडा एक मेगओहमच्या जवळपास आला तर लाईन देऊ नका, परत सुकवा. आणि कोअरला अर्थ जोडलीच पाहिजे, माइकला लोखंडी जाळी असते आणि ती बुवांच्या ओठांना लागते, एवढं लक्षात ठेवा.

पेटीचं राहिलं. फणसाची फळी सुरेख वाजते, म्हणून तर पखवाजाचं खोडही त्याच लाकडाचं करतात, आणि तुम्ही ट्रान्सफॉर्मर त्याच फळीला स्क्रूने पिळून ठेवलाय. खाली जाड रबराचे चार तुकडे, बोल्टला रबरी बुश, आणि बोल्ट रबर दबेल इतकाच आवळायचा. बोल्टने रबर पूर्ण चेपून टाकलं तर रबर नसल्यातच जमा. पेटीला पत्र्याचं झाकण असेल तर ते ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा, लोखंडी झाकण बाहेर सुटलेल्या फ्लक्सने स्वतःच थरथरतं. झाकणावर तळहात ठेवला आणि आवाज बदलला तर तेच कारण.

प्रश्न: होडीची १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायला घरगुती चार्जर बनवलाय, १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि एक मोठा डायोड. चार्जिंगला लावला की ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो, बॅटरी काढली की गप्प. ट्रान्सफॉर्मर खराब आहे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर: ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, डायोड एकटा आहे. एका डायोडमुळे करंट फक्त एकाच अर्ध्या सायकलला वाहतो, म्हणजे सेकंडरीतून डीसी जातोय, आणि त्या डीसीने कोअर एका बाजूला कायमचा ढकलला जातो, मग त्या बाजूला तो भरतो. चार डायोडचा ब्रिज लावा, २५ अँपिअरचा तयार मिळतो, हीटसिंकवर बसवा. मात्र ब्रिज लावल्यावर करंट वाढणार, तर बॅटरीच्या वायरीत गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घाला, तो करंट आवरून धरतो आणि पेटलेला दिसला की चार्जिंग चालू आहे हेही कळतं. बॅटरी भरत आली की बल्ब मंद होतो, पण हा चार्जर आपोआप बंद होणारा नाही, मीटर लावून बघत राहा, १४.४ झाले की काढा. होडीच्या बंद कप्प्यात चार्ज करू नका, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

प्रश्न: आमच्याकडे वादळ-पावसात लाईट वारंवार जाते म्हणून इन्व्हर्टर घेतलाय. लाईटवर असताना माझा घरी बांधलेला ट्रान्सफॉर्मर अगदी शांत, इन्व्हर्टरवर आला की चिरचिर करतो. त्याला परत वार्निश करू का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर: नको. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला किंवा पायऱ्यापायऱ्यांचा असणार. लाईनचा सायन गुळगुळीत असतो, यात एकदम उड्या असतात, त्या उड्यांबरोबर वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, येतात आणि आपला कान १०० हर्ट्झपेक्षा ५००-७०० ला जास्त तिखट, म्हणून आवाज थोडा असून जास्त टोचतो. अर्धा तास इन्व्हर्टरवर चालवून हात लावून बघा (लाईन बंद करून), कोमट असेल तर सोडून द्या. चटका बसत असेल तर ते उपकरण इन्व्हर्टरवर चालवू नका, किंवा पुढचा इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हवाला घ्या.

प्रश्न: टोरॉइड (कड्यासारख्या गोल कोअरचे) ट्रान्सफॉर्मर कधीच आवाज करत नाहीत असं ऐकून महागाचा घेतला. आठवडाभर शांत असतो, मधेच पाच-दहा मिनिटं जोरात घुमतो आणि आपोआप थांबतो. व्होल्टेज तेव्हा नॉर्मलच असतं.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: घरात किंवा शेजारी हेअर ड्रायर नाहीतर हीट गन आहे का बघा, आणि ती "लो" वर चालवतात का ते विचारा. बऱ्याच स्वस्त ड्रायरमध्ये लो म्हणजे आत एक डायोड, तो अर्धीच सायकल खातो आणि लाईनवर थोडा डीसी चढतो. ई-आय कोअरला सांध्यात फटी असतात म्हणून तो हे पचवतो, टोरॉइडला फट नाही, त्याला अर्धा-एक व्होल्ट डीसीही जड जातो. ड्रायर हाय वर करायला सांगा, आवाज थांबला तर चोर सापडला. घरातलाच असेल तर बदलून टाका. शेजारचा असेल तर प्रायमरीच्या सिरीजमध्ये डीसी ब्लॉकर लावता येतो, दोन मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाठीला पाठ आणि त्यांना समांतर उलट-सुलट डायोड, पण हे सगळं लाईनवर बसतं, पेटीत बंद करून, फ्यूजच्या नंतर, आणि ज्याने लाईनवरचं काम आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.